किचन बंद आहे, वेफर्स आहेत

गेल्या गुरुवारी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोतल्या एका जुन्या पबमध्ये मी दुपारचं जेवण म्हणून व्हिनेगर मारलेल्या वेफर्सचं एक पाकीट खाल्लं. निम्मं बायकोनं खाल्लं. माझ्या वाट्याला आले अकरा वेफर्स. मोजले होते, म्हणून सांगतो. आज मंगळवार आहे, राग अजून उतरलेला नाही. लेकाचं म्हणणं, यात पबचा काहीच दोष नाही. सुनेचंही तेच म्हणणं, पण ती निदान गालातल्या गालात हसून म्हणते. म्हटलं, आता लोकांपुढेच मांडावं.

आम्ही कोल्हापूरचे. लेकाकडे दीड महिन्यासाठी आलोय. निघण्याआधी ज्यानं त्यानं एकच इशारा दिला होता : ‘‘तिकडं हॅगिस म्हणून काय असतंय, ते तेवढं खाऊ नका.’’ म्हणजे काय असतं विचारलं, तर सांगणाऱ्यानं तोंड वेडंवाकडं करून सांगितलं. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करायचं, त्यात ओट्स, कांदा, चरबी नि मिरी घालायची आणि हे सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडायचं. हे ऐकून मला शिसारी यावी अशी त्याची अपेक्षा. मला भूक लागली. अहो, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात वजडीवरून भावाभावांत अबोला धरलेला आहे. रक्ती, मुंडी, खूर, काही म्हणून सोडलेलं नाही आम्ही. शिवाय या पदार्थाला उद्देशून इथल्या रॉबर्ट बर्न्सनं अख्खी कविता लिहिली आहे, आणि दरवर्षी २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, ती ताटापुढे उभं राहून म्हणतात. म्हणता म्हणता हॅगिसच्या पोटात सुरी खुपसतात. वजडीवर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तिकडे अमेरिकेनं मात्र १९७१ पासून फुप्फुस घातलेलं हॅगिस देशात येऊ दिलेलं नाही. त्यांचं त्यांना लखलाभ.

तर वजडीची ही सातासमुद्रापलीकडली बहीण बघायची, तीही हॉटेलात नाही, खऱ्या जुन्या पबमध्ये, एवढीच माझी या प्रवासातली इच्छा होती. बाकी किल्ले, तळी, बॅगपाइपवाले, सगळं सुनेनं ठरवलेलं.

आत शिरलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. ही वेळ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेर मे महिन्यातला पाऊस. मे महिना हा शब्द आणि तो गारठा यांचा मेळ मला शेवटपर्यंत बसलेला नाही, त्यामुळे मी माकडटोपी घालून होतो. आत मात्र झकास. मधोमध घोड्याच्या नालासारखा वळलेला लांबलचक बार, खाली पाय ठेवायला पितळी कांब, खिडक्यांच्या काचांवर नक्षी, आणि बारच्या मागे छताला भिडलेलं कोरीव लाकडाचं मखर. त्या मखराला गँट्री म्हणतात. कोनाड्याकोनाड्यांतून बाटल्या अशा बसवल्या होत्या की मी क्षणभर चपला कुठे काढायच्या ते पाहिलं.

कोपऱ्यातलं टेबल धरलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. बसलो.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. कोल्हापुरात कुठल्याही परमिट रूममध्ये तुम्ही अजून खुर्ची ओढताय तोवर एक पोरगं ओल्या फडक्यानं टेबल पुसून, त्यातलं थोडं तुमच्या मांडीवर सांडून, चार ग्लास एका हाताच्या चार बोटांत अडकवून आणून आपटतं. ‘‘बोला मालक.’’ मालक काही बोलायच्या आत शेंगदाणे येतात, काकडी येते. तुम्ही नुसते पत्ता विचारायला आत आला असलात तरी शेंगदाणे येतात. त्या पोराच्या बोटांबद्दल आणि फडक्याबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली. त्या सगळ्या कुरकुरीबद्दल त्याची इथूनच माफी मागतो.

पहिली दहा मिनिटं आम्ही सभ्यपणे बसलो. लाकूडकाम बघितलं. मग दहा मिनिटं मी बारवरच्या मुलीची नजर धरायचा प्रयत्न केला. एकदा ती धरलीसुद्धा गेली. मुलगी गोड हसली आणि ग्लास पुसत राहिली. त्यानंतर मी खाकरलो. ‘शुक शुक’ करणार होतो, पण बायकोनं टेबलाखालून चिमटा काढला. तिच्या माहेरी कुत्र्यालाही तसं बोलवत नाहीत म्हणे.

कुत्र्यावरून आठवलं. आमच्यानंतर एक बाई एका भिजलेल्या कुत्र्याला घेऊन आल्या. कुत्रं अंग झाडतंय तोवर बारवरची मुलगी बाहेर आली, त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं, बिस्किट दिलं, त्याच्या कानामागे खाजवलं आणि त्याला काहीतरी विचारलंसुद्धा. आत शिरल्यापासून दोन मिनिटांत. आम्ही तोवर अर्धा तास तिथे होतो.

‘‘पाटबंधारे खात्यात लोक तुमच्या टेबलापुढं बसायचे ना,’’ बायको म्हणाली, ‘‘अगदी तसं वाटतंय.’’

तेहेतीस वर्षं नोकरी केली मी तिथे. कुणालाही चाळीस मिनिटं बसवलं नाही. बसवलं असेल तर चहा पाजून बसवलं.

आमच्या शेजारच्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर, एक म्हातारा होता. ऐंशीच्या आसपास, चपटी टोपी, कोटाला एक बटण कमी. त्याच्या पायाशी त्याचंही एक कुत्रं, छोटं, पांढरं, झाडूसारखं. आणि त्याच्यापुढे ताट. ताटात तीन ढीग : एक पांढरा बटाट्याचा, एक केशरी सलगमाचा, आणि मधे काळपट तपकिरी, मोकळा, वाफाळता. मी ओळखलं. फोटो पाहून पाहून पाठ झाला होता. तो म्हातारा ते इतक्या निवांतपणे खात होता, एक घास, मग वर्तमानपत्राचं एक पान, मग पुन्हा एक घास, की मला वाटलं उठावं आणि त्याला भरवावं. अधूनमधून तो आमच्याकडे बघायचा. मी मान डोलवायचो. तोही डोलवायचा. आमच्यात असा व्यवहार चाळीस मिनिटं चालला होता, आणि या माणसाला पहिल्या मिनिटापासून सगळं ठाऊक होतं. हे मी विसरणार नाही.

शेवटी मीच उठून बारपाशी गेलो. तिथे रांग नव्हती. सगळे कसेही उभे, कुणी पाठ करून, कुणी कोपर टेकून, पण कोण कुणाच्या आधी आलंय हे त्या सगळ्यांना आणि त्या मुलीलाही अचूक ठाऊक. बँकेत टोकन घेऊनही आम्हाला जे जमत नाही, ते ही मंडळी हातात ग्लास घेऊन करतात. याचं कौतुक मी तेव्हाही केलं असतं, पण माझा नंबर लागला तेव्हा गँट्रीतल्या घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

‘‘दोन हॅगिस,’’ मी म्हणालो.

‘‘सॉरी पाल, किचन तीनला बंद झालं.’’ तिचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. ‘‘टी पाचपासून आहे.’’

‘‘चहा नको. हॅगिस पाहिजे.’’

‘‘हो, टीलाच मिळेल हॅगिस.’’

‘‘चहाबरोबर?’’

ती क्षणभर थांबली. ‘‘चहा पण मिळेल, हवा असेल तर.’’

इथे बऱ्याच लोकांत संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ आणि दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात, हे मला मागाहून कळलं. म्हणजे मी डिनर चुकवलं होतं आणि टी व्हायला दोन तास होते, दुपारचे तीन वाजलेले असताना.

‘‘बरं, निदान चिप्स तरी द्या.’’

‘‘चिप्स किचनमधून येतात ना. किचन बंद.’’ मग तिला दया आली. ‘‘क्रिस्प्स देऊ? आणि तुला काय देऊ, हेन?’’

क्रिस्प्स म्हणजे आपले वेफर्स. चिप्स म्हणजे इथे बटाट्याचे गरम तळलेले तुकडे. आणि ते ‘हेन’ माझ्या बायकोला. ती एव्हाना मागे येऊन उभी राहिली होती. बायको इंग्रजी माध्यमात शिकलेली नसली तरी ‘हेन’चा अर्थ तिला दुसरीतच शिकवलेला होता, चित्रासहित.

‘‘अहो, ती मला कोंबडी म्हणाली,’’ ती हळू आवाजात म्हणाली.

म्हटलं, प्रेमानं म्हणत असेल. आणि खरंच प्रेमानं म्हणतात. इथे सगळ्या वयाच्या बायकांना ‘हेन’ म्हणतात, जशी आमच्याकडे भाजीवाली सगळ्यांना ‘ताई’ म्हणते. पण उपाशी पोटी, तांबड्या रश्श्याची आठवण येत असताना, तो शब्द कानाला फार क्रूर लागला.

बायकोनं आयर्न ब्रू घेतलं, ते केशरी पेय. तिला ते इतकं आवडलं की त्या दिवसात समाधानी असलेली आमच्यापैकी ती एकटीच. मी व्हिस्की मागितली. मुलीनं चिमुकल्या धातूच्या मापानं मोजून ग्लासात ओतली आणि ग्लास पुढे सरकवला. मी ग्लास तिरका करून बघितला. तळ ओला झाला होता.

पंचवीस मिली. इथला कायदा आहे तसा : एक तर २५, नाही तर ३५. आमच्याकडे तीस आणि साठ. एखाद्यानं मुद्दाम माझी सवय पाहून, तिला दोन्ही बाजूंनी चुकवून हे आकडे काढल्यासारखं वाटतं. ज्या देशानं स्कॉच व्हिस्की जगाला दिली, तो स्वतः ती होमिओपॅथीच्या हिशेबात पितो, हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. पाच मिली हा प्रश्न नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आणि किमतीचाही, कारण पौंडाला एकशेवीसनं गुणायची माझी खोड अजून गेलेली नाही. बायकोनं मला तोंडानं गुणाकार करायला मनाई केलीय, म्हणून मी मनात करतो, पण ओठ हलतात.

टेबलावर परत आलो, वेफर्स ठेवायला टोपी उचलली. टोपीखाली एक छोटं लाकडी स्टँड आडवं पडलं होतं. त्यावर लिहिलेलं : ऑर्डर कृपया बारवर द्यावी. किचन बारा ते तीन आणि पाच ते आठ.

मी ते सरळ उभं केलं. शेजारून आवाज आला, ‘‘हां. ते असतंय तिथं.’’

म्हातारा बोलला होता. त्याचं बोलणं मला जसं कळलं तसं आमच्याच बोलीत सांगतो, कारण पुस्तकी मराठीत घातलं तर तो माणूसच उरणार नाही.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’ मी विचारलं.

‘‘व्हय की.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘तुम्ही इचारलं कुठं?’’ काटा ताटात ठेवत तो म्हणाला. ताटात निम्मा नाही तरी पाव हॅगिस शिल्लक होतं. ‘‘मला वाटलं, पाऊस थांबायची वाट बघताय.’’

ग्लासगोत पाऊस थांबायची वाट बघत बसलेला माणूस त्यानं ऐंशी वर्षांत कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही. म्हणजे हे थेट खोटं होतं. कोल्हापुरात, मी सांगतो, असा परका माणूस चुकून बसलेला दिसला तर चार टेबलांवरून आठ लोक उठून आले असते. त्यातल्या तिघांनी चुकीचं सांगितलं असतं, एकानं तुमचं गाव विचारून ओळख काढली असती आणि एकानं ‘हितं काय खाताय, माझ्या मेव्हण्याच्या हॉटेलात चला’ म्हणून हाताला धरून नेलं असतं. या आगंतुकपणाचा मला जन्मभर त्रास झाला आहे. त्या क्षणी मात्र त्या आठांपैकी चुकीचं सांगणारा एक जरी मिळाला असता, तरी मी त्याच्या गळ्यात पडलो असतो.

‘‘आम्ही चाळीस मिनिटं इथे बसून होतो!’’ मी म्हणालो. आवाज थोडा चढलाच.

म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. ‘‘हाऊ?’’

आता याला काय उत्तर देणार? ‘‘खुर्चीवर,’’ मी म्हणालो.

त्यानं कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्यानं माझ्याकडे बघितलं.

‘‘व्हेअर डू यू स्टे?’’ त्यानं पुढचा प्रश्न टाकला, आणि काय सांगू, मला गहिवरून आलं. आयुष्यभर आम्ही ‘कुठे राहता’चं असंच इंग्रजी करत आलो, आणि आयुष्यभर कुणी ना कुणी सांगत आलं की ‘स्टे’ म्हणजे मुक्काम, राहण्याला ‘लिव्ह’ म्हणावं. इथे अख्खा स्कॉटलंड ‘स्टे’ म्हणतो. लेकाच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना पत्र लिहावं असं मनात आलं. असो. मी सांगितलं, राहतो कोल्हापूरला, सध्या लेकाकडे, ग्लासगोत.

‘‘ग्लासगोला आला? हाऊ?’’

‘‘दुबईमार्गे.’’

‘‘दुबईमार्गे,’’ त्यानं कुत्र्याला सांगितलं.

आमचं हे असं चाललं होतं. बायको खिडकीकडे तोंड करून आयर्न ब्रू पीत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मग त्यानं माझ्या ग्लासाकडे नजर टाकली, उठला, आणि ‘हाफ अँड अ हाफ’ असं काहीतरी म्हणत बारकडे गेला. मी घाबरलो. आमच्या हिशेबात हाफ म्हणजे ३७५ मिलीची बाटली. हाफ अधिक हाफ म्हणजे खंबाच. एवढं दुपारी, अकरा वेफर्सवर, कसं पचवायचं? तो परत आला ते अर्धा पाइंट बिअर आणि एक व्हिस्की घेऊन. एक हाफ म्हणजे बिअरचा, २८४ मिली. दुसरा हाफ म्हणजे तोच तो पंचवीस मिलीचा थेंब. कशाचा अर्धा, ते कुणी सांगत नाही. मी पाकीट काढून पैसे द्यायला गेलो, हात धरून झटापटही केली, कोल्हापुरी पद्धतीनं. तो बिचकून मागे सरला. इथे तसं नसतं. आज त्यानं पाजलं की पुढची पाळी तुमची, मुकाट्यानं. आपल्याकडे शेवटी भांडून एकानं भरायचं, इथे आधीच न भांडता सगळ्यांनी भरायचं. पद्धत चांगली आहे, पण जेवणाचा शेवट बेचव होतो.

पोटात थोडी ऊब आल्यावर मीही विषय काढला. सकाळी रॉयल एक्स्चेंज चौकात घोड्यावरचा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन पाहिला होता, डोक्यावर रस्त्यावरचा शंकू घातलेला. रस्ता बंद असला की ठेवतात तो नारिंगी शंकू. रात्री कुणीतरी पुतळ्यावर चढून घालतं, पालिका काढते, पुन्हा घालतात. १९८० च्या दशकापासून हे चाललंय. २०१३ मध्ये पालिकेनं पुतळ्याचा चौथरा दुप्पट उंच करायचं ठरवलं, तर लोकांनी एवढा गिल्ला केला की बेतच सोडून द्यावा लागला. सून हे सगळं हसत सांगत होती. मला मात्र त्या शंकूखालचा माणूस ओळखीचा वाटला. आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला ज्यानं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना हरवलं, तोच. मी माकडटोपी काढून पाहिलं होतं त्याला. आदरानं नव्हे, नीट दिसावा म्हणून.

म्हाताऱ्याला हे सांगताना मी ‘असई’ म्हणालो. तो थांबला.

‘‘काय म्हणाला?’’

‘‘असई. गावाचं नाव.’’

त्यानं टोपी काढली. त्याचे वडील महायुद्धात हायलंड लाइट इन्फंट्रीत होते, ग्लासगोचीच पलटण. त्यांच्या टोपीवरचा बिल्ला अजून याच्या घरी डब्यात आहे. बिल्ल्यावर तळाशी हत्ती आणि वर पट्टीवर अक्षरं : असाये. लहानपणी याला वाटायचं, ते ‘आय से’ आहे, कुणीतरी स्पेलिंग चुकवलंय. मोठेपणी वाटायचं, गेलिकमध्ये, म्हणजे इकडच्या जुन्या भाषेत, काहीतरी असेल. गाव असेल असं कधी मनात आलं नाही. हत्ती का, हेही कुणी सांगितलं नाही.

मग मी सांगितलं. ७४ वी हायलंडर्स पलटण, पुढे याच लाइट इन्फंट्रीत मिसळली ती. त्या दिवशी चुकीच्या वाटेनं थेट गावाच्या तोफांसमोर गेली आणि जवळजवळ कापून निघाली. बहुतेक सगळे अधिकारी पडले नाही तर जखमी झाले. हत्ती त्याचा आहे. म्हातारा ऐकत होता. कुत्रंसुद्धा. पबमध्ये दुपारी साडेतीनला, ओल्या कोटांच्या वासात, असईची लढाई सांगताना मला खरंच बरं वाटलं. चाळीस मिनिटांचा राग निम्मा उतरला होता.

‘‘मग तुम्ही हरला,’’ तो म्हणाला.

‘‘आम्ही म्हणजे ग्वाल्हेरवाले आणि नागपूरवाले,’’ मी दुरुस्ती केली. कोल्हापूरचा त्यात संबंध नव्हता, हे दोन वेळा सांगितलं.

‘‘हाऊ?’’

‘‘नदीला उतार सापडला त्यांना. दोन गावं समोरासमोर दिसली, म्हणजे मधे उतार असणारच, असा वेलस्लीनं अंदाज बांधला आणि फौज पलीकडं नेली.’’

म्हातारा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. हा माणूस प्रत्येक वेळी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

मग तो एकदम उठला. ‘‘मेसेजेस आणायचेत,’’ म्हणाला. कुत्र्याची दोरी माझ्या खुर्चीच्या पायात अडकवली, ‘‘जरा बघा,’’ म्हणाला आणि पावसात निघून गेला.

मला वाटलं, फोन घरी राहिला असेल, निरोप बघायला गेला असेल. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आता आम्हाला निघतासुद्धा येईना. बाहेर जाऊन काही खावं म्हटलं तर खुर्चीला कुत्रं. खुर्ची उचलून न्यावी का, यावर मी गंभीरपणे विचार केला. त्या झाडूनं मधल्या वेळात बायकोच्या वाट्याचे तीन वेफर्स खाल्ले आणि मग माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपलं. परक्या देशात, परक्या पबमध्ये, दुसऱ्याचं कुत्रं राखत, उपाशी. तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी करून मी इथवर पोचलो होतो. त्या म्हाताऱ्याच्या ताटातलं ते पाव हॅगिस अजून तिथेच पडलं होतं. ते गार होताना मी पाहिलं. कबूल करतो, काटाही पाहिला. पण बायको समोर होती.

पाचला दहा कमी असताना तो आला, हातात पिशवी. पिशवीत पाव, दूध, अंडी. ‘मेसेजेस’ म्हणजे इकडे बाजारहाट. त्याच्या मागोमाग लेक आला, ऑफिसातून थेट.

‘‘अजून जेवला नाही तुम्ही?’’ लेक म्हणाला.

मी काही बोललो नाही. पाचचा ठोका पडायची वाट बघितली आणि थेट बारवर गेलो, कुणाच्याही आधी. ‘‘तीन हॅगिस.’’

‘‘ओह पाल,’’ ती म्हणाली. तोच कळवळलेला चेहरा. ‘‘हॅगिस ऑफ आहे.’’

‘‘नासलं?’’

‘‘नाही नाही, संपलं. शेवटचं ताट दुपारी गेलं. सव्वादोनला वगैरे.’’ आणि तिनं हनुवटीनं कोपऱ्याकडे दाखवलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी आत शिरलो होतो मी. सांगितलं होतं ना, वेळ ध्यानात ठेवा म्हणून.

टेबलावर परत येईपर्यंत बायकोनं लेकाला सगळा वृत्तान्त दिला होता, खुर्चीवर, दुबईमार्गे, नदीच्या उतारासकट. लेक टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

‘‘बाबा, ग्लासगोत ‘हाऊ’ म्हणजे ‘का’. ते विचारत होते, का बसलात, का आलात.’’

‘‘आणि असई?’’

‘‘का हरलात.’’

यावर मी काय बोलणार? का हरलो, हे शिंद्यांनाही धड सांगता आलं नसतं. त्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन होता. त्यालाच विचारावं लागेल.

लेकानं मॅकरोनी चीज मागवलं. ते आलं. त्याबद्दल मी काहीही लिहिणार नाही.

म्हातारा निघाला. पिशवी घेतली, माझ्या खुर्चीच्या पायातून दोरी सोडवली, कुत्र्याला उठवलं. माझ्यापुढचं जवळजवळ भरलेलं ताट पाहून थांबला. मॅकरोनी मी काट्यानं नुसती हलवत होतो.

‘‘खात नाही, बिग मॅन?’’ माझी उंची पाच फूट चार इंच आहे. ‘‘हाऊ?’’

या वेळी मला अर्थ ठाऊक होता. ‘‘कारण शेवटचं हॅगिस तुम्ही खाल्लंत.’’

त्यानं थोडा विचार केला. मग खाली वाकून, जणू गुपित सांगावं तसं, म्हणाला, ‘‘मला न्हाई आवडत ते हॅगिस. कधीच न्हाई आवडलं. पण गुरुवारी पेन्शनरांना दोन पौंड कमी लावतात.’’

आणि गेला. दारातून बाहेर पडताना त्यानं त्या मुलीला हात केला, तिनं त्याला केला, मग कुत्र्यालाही वेगळा केला.

पेन्शनर मीसुद्धा आहे. हे त्या मुलीला सांगावं का, यावर मी मॅकरोनी गार होईपर्यंत विचार केला. शेवटी पैसे लेकानं दिले, पूर्ण.